उजवीकडून उघडणारं पुस्तक

"ताई, ह्याच्यातली पानं गेलेत," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं दाभण जागच्या जागी थांबलं.

दुपारची वेळ होती. जिंतूरच्या बसस्टँडमागं चाचांचं बायंडिंगचं दुकान आहे, तिथं मी शिवणीला बसते. तेव्हा मला तिथं दोन वर्षं होत आली होती. मॅडम स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये औषधं देतात. मूळच्या पालमच्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असतील; पण अंगात पांढरा कोट असतो, इंग्रजी वाचतात, म्हणून सगळा बाजार त्यांना मॅडम म्हणतो आणि मीही म्हणते. आठच दिवसांपूर्वी मी शिवून दिलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं.

चाचा मागं पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, पण कधी येतं आणि कधी येत नाही, ह्याचा मला अजूनही पत्ता लागलेला नाही.

आमच्या कामात शिवण वाकडी गेली तर उसवता येते. पुठ्ठा बदलता येतो. खळ सांडली तर ओल्या फडक्यानं टिपता येते. पान हरवलं तर काहीच करता येत नाही. माझ्याआधी शिवणीला जो माणूस होता, त्याच्या हातून झरीच्या एका घरातल्या जुन्या उर्दू किताबीचं पान हरवलं होतं. एकच पान. चाचांनी त्याला त्याच दिवशी हात जोडून घरी पाठवलं. ही गोष्ट त्यांनी मला कामावर आले त्याच दिवशी सांगितली होती, चहा पाजून, गोड आवाजात. त्या गोड आवाजामुळंच ती डोक्यात बसली.

आणि हे पुस्तक म्हणजे माझं पहिलं स्वतंत्र काम. चाचांनी फक्त एकदा उघडून बघितलं होतं, बाकी सगळं माझ्या हातचं. "हे नीट झालं की गिऱ्हाइकांकडून येणारी बाहेरची कामं तूच घ्यायची," असं ते म्हणाले होते. नीट झालं नाही तर काय, ते म्हणाले नव्हते. मला माहीत होतं.

मी कोकणातली, पार खाली, गोव्याला लागून. सातवीनंतर शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती आणि आईला घरात हात हवे होते. मग गोव्यात एका हॉटेलच्या चादरी धुताना नवरा भेटला, तो जिंतूर तालुक्यातला. त्याच्या मागोमाग मी इकडं आले. इकडं सगळंच सपाट, सगळंच लांबून दिसणारं. माणूस येताना इतका वेळ दिसत राहतो की तो आपल्याकडंच कशासाठी तरी येतोय असं वाटत राहतं. माझं हेल काढून बोलणं ऐकून शेजारणी तोंडाला पदर लावायच्या. दाखवायला माझ्याकडं ना दाखला होता ना ओळख. चाचांनी फक्त माझी बोटं बघितली. म्हणाले, "चादरी शिवायचीस का धुवायचीस?" मी म्हटलं, दोन्ही. "मंग किताब बी शिवशील." एवढ्यावर काम मिळालं. आजही ते आठवलं की मनातल्या मनात हात जोडले जातात. पण खरं सांगायचं तर तेव्हाही आत एक किडा होता: हा माणूस एवढं चांगलं का वागतोय? उगाच कुणी कुणाला ठेवत नाही. म्हणजे काढायलाही वेळ लागणार नाही.

पुस्तकाचं असं झालं होतं. मॅडमनी तीन लहान जपानी चित्रपुस्तकं आणली होती, इंग्रजीत छापलेली. मंगा म्हणतात त्याला, हे त्यांनीच सांगितलं. कुणीतरी वापरलेली, मोबाइलवरून मागवलेली. इकडच्या उन्हात पाठीचा डिंक तडकला आणि वाचायच्या आधीच पानं सुटी झाली. तिन्ही मिळून एक पक्कं पुस्तक करून द्या म्हणाल्या, पिशवी ठेवली आणि बस सुटेल म्हणून पळाल्या. आमच्याकडं रीत अशी की सुट्या पानांचं काम आलं की गिऱ्हाइकासमोर पाच-पाच करून पानं मोजायची आणि आकडा चिठ्ठीवर लिहून दोऱ्यानं गठ्ठ्याला बांधायचा. मॅडम थांबल्या नाहीत. मी एकटीनं मोजली, एकटीनं चिठ्ठी बांधली.

मग चाचांनी वरचं पान उचललं, उलटं-सुलटं केलं. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी म्हणाले, "हे उर्दूवानी हाय. पाठ उजव्या हाताला घे." मी त्यांच्याकडं बघत राहिले. इंग्रजी डावीकडून वाचतात एवढं तर मलाही माहीत होतं. म्हातारा चुकतोय असं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, मला चुकवून बघतोय असंही वाटलं. मग त्यांनी चित्रांवर बोट ठेवलं. उजव्या चौकटीत मुलगी दार ढकलते, डाव्या चौकटीत ती आत आहे. "दरवाजा पहले, अंदर बाद में. हौ का न्हाई?" मी मुकाट्यानं पाठ उजवीकडं घेतली.

आता मॅडम समोर उभ्या होत्या.

"कुठली पानं गेलीत?" मी विचारलं.

"म्हाताऱ्याची सगळी कहाणी. बिनसावलीचा म्हातारा असतोय ना, तो शेकोटीपाशी बसून सावली कशी गेली ते सांगतोय. मी मोबाइलवर बघितलंय, ॲनिमे, म्हंजे जपानी कार्टून. हिंदीत. लय मोठा सीन हाय. पुस्तकात न्हाईच." मग थोडं थांबून, "तुमच्याकडं कुठं पडलेत का बघा ना."

मी टेबलाखाली बघितलं. रद्दीच्या पोत्यात हात घालून बघितलं. चाचा खळ ढवळत राहिले.

"मिळाली की सांगा," मॅडम म्हणाल्या आणि पुस्तक ठेवून गेल्या.

त्यानंतरचे तीन दिवस मी एकेका माणसावर संशय घेत काढले. पहिला माझ्यावरच. चिठ्ठीवर आकडा होता, शिवल्यावर मोजला तेव्हा तोच आला होता. पण दोन्ही वेळा मीच मोजलेला, त्याला साक्ष कोण? मग त्या वापरलेली पुस्तकं विकणाऱ्यावर; पानं काढून ठेवली असतील. मग मॅडमवर. एवढी शिकलेली बाई लेकरांची चित्रं कशाला वाचते? कुणीतरी मला जोखायला पाठवलेली तर नाही? चाचांनीच? त्या दिवसांत चाचांनी एकदाही विषय काढला नाही आणि मला तेच जास्त लागलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू पुस्तक शिवलं का खून केलास?" आणि जेवत राहिला. आईला फोन केला, तिला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "गो, आवाज असो कित्याक?" मी म्हटलं, धूळ गेली घशात.

चौथ्या दिवशी मीच मेडिकलमध्ये गेले. म्हटलं, "मॅडम, ते मोबाइलवरचं मला दाखवा. पुस्तकाला लावून बघू."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमाला कळंल का ते?"

"चित्रं कळतात," मी म्हटलं. जरा टोचूनच.

दुपारी दोन ते चार मेडिकल बंद असतं. मॅडम डबा घेऊन दुकानात आल्या. मोबाइल खळीच्या डब्याला टेकवून उभा केला, पुढ्यात पुस्तक उघडलं. चाचाही स्टूल ओढून बसले, आम्ही बोलावलं नव्हतं तरी.

गोष्ट तशी सरळ होती. एका मुलीच्या भावाला राक्षसांचा राजा ओलीस नेतो. मुलगी त्याला आणायला निघते. वाटेत हा म्हातारा भेटतो, ज्याची सावली पडत नाही. पण पुस्तकात आणि मोबाइलवर गोष्ट एकसारखी चालेल तर शपथ. पुस्तकात मुलीचे केस कोरे पांढरे. मी शिवताना तिला म्हातारीच समजले होते. मोबाइलवर तेच केस लालभडक. पुस्तकात एका पानात संपलेली मारामारी मोबाइलवर संपता संपेना. चाचांचा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी तलवारी चालूच. पुस्तकात राक्षस नुसता दात काढून उभा असतो. तिकडं तो असा मधाळ हिंदी बोलायचा की मला त्याच्यावर जास्तच संशय यायला लागला. आणि दर वीस मिनिटांनी गाणं.

"आता परत गाणं?" चाचा म्हणाले.

"चाचा, नवा भाग सुरू झाला की गाणं असतंय."

"मंग मागच्या भागात काय ऐकलं न्हवतं का आमी? ही पोरगी भावाला सोडवायला निघाली का वरातीला?"

मॅडम हसल्या. मी हसले नाही. मी पानं उलटत होते आणि एकेक चौकट मोबाइलशी लावत होते. कपडे धुताना डाग शोधावा तसं.

शेकोटी आली. मोबाइलवर म्हातारा बोलायला लागला, त्याचं तारुण्य, त्याची बायको, सावली कशी गेली. मॅडमनी डबा बाजूला ठेवला. "हेच बघा. हेच सगळं पुस्तकात न्हाई."

मी पुस्तकातली शेकोटी काढली. पानाच्या शेवटच्या चौकटीत मुलगी आणि म्हातारा जाळापाशी बसलेत, म्हाताऱ्यानं तोंड फिरवलंय. पान उलटलं. सकाळ. दोघं चालायला लागलेत. मी पुन्हा पुढं-मागं केलं. मग ते एक पान दोन बोटांत धरून उभं केलं आणि उजेडाला लावलं. रात्रीच्या शेकोटीच्या पाठीमागून सकाळचे डोंगर दिसले.

"मॅडम," मी म्हटलं, "हे पान एक आहे ना?"

"हां."

"ह्या बाजूला शेकोटी. ह्याच पानाच्या मागच्या बाजूला सकाळ. मग मधली पानं पडतील कुठून? एका पानाच्या पोटातून?"

मॅडमनी पान हातात घेतलं. मागंपुढं केलं. चाचांनी मान वाकवून बघितलं आणि त्यांच्या तोंडून "वाऽ" निघालं, अगदी हळू.

"म्हणजे म्हाताऱ्याची कहाणी त्या ॲनिमेवाल्यांनी मनानं घातली?" मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात तो काही बोलतच न्हाई?"

"तोंड फिरवतो. एवढंच."

"अन् मी तुमच्यावर आळ घेतला!" त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, मनात ठेवू नका."

सातवी शिकलेल्या बाईनं पांढऱ्या कोटाला काहीतरी पटवून दिलं होतं. माझ्या पाठीतून तीन दिवसांची कळ उतरली. तिथंच थांबायला हवं होतं. पण मॅडमना अजून वेळ होता आणि त्या म्हणाल्या, पुलापर्यंत बघू, तिथं तर लय भारी हाय.

पुलाचा भाग आला. मोबाइलवर धुक्यात एक लांब पूल, अलीकडं मुलगी, पलीकडं राक्षसांचं सैन्य आणि पुलाच्या बरोबर मध्ये भाऊ. तो चालता चालता थांबतो, वळून बहिणीकडं बघतो, हसतो, मग सैन्यात जातो. मॅडमचे डोळे भरले. पुस्तकात मी ते चित्र काढलं. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र. उजवीकडं मुलगी. डावीकडं सैन्य. पूल दोन्हीकडून येऊन मधल्या शिवणीत शिरला होता. भाऊ नव्हता.

"बघा, हे बी त्यांनीच घातलं," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "पुस्तकात पूल रिकामाच हाय. कसले लबाड हायत! नसलेल्या भावावर रडवतेत."

चाचा हसले. मोबाइल बंद झाला. चार वाजायला आले होते.

मी मात्र शिवणीकडं बघत होते. तिथं, जिथं पान दोऱ्यात घुसत होतं, एक बारीक काळं टोक बाहेर आलं होतं. उडणाऱ्या कापडाचं टोक. पुलाला कापड नसतं.

आम्ही वह्या, रजिस्टरं, दप्तरं शिवतो. सरकारी दप्तर दहा हातांतून जातं, म्हणून चाचांची शिस्त अशी की पाठीपासून एक बोट आत भोक पाडायचं, तरच शिवण टिकते. रजिस्टरात त्या बोटभर जागेत काही नसतं. मीही बोट ठेवून भोकं पाडली होती, तिन्ही पुस्तकांना, डोळे झाकून. दोन पानांचं मिळून दोन बोटं. त्या दोन बोटांत एक माणूस मावत होता.

मॅडमनी पुस्तक पिशवीत घातलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. येणारही नव्हतं, सगळा दोष त्या ॲनिमेवाल्यांवर जाऊन बसला होता, आणि ते कुठं इथं येऊन नाही म्हणणार होते! मी गप्प बसले असते तर उद्यापासून बाहेरची कामं माझी. हे सगळं मॅडम चपला घालेपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं. मी फार सज्जन आहे म्हणून बोलले असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटली की एक दिवस त्या पुस्तक जरा जास्त दाबून उघडतील, आणि तेव्हा मी समोर नसेन.

"मॅडम, ठेवा पुस्तक," मी म्हटलं. "भाऊ आहे. माझ्या शिवणीत गेलाय."

चाचांचं हसू थांबलं. त्यांनी पुस्तक घेतलं, पूल काढला, डोळ्याजवळ नेला, नखानं ते काळं टोक चाचपलं.

"पाठ कापली का तू? कापली असंल तर तो गेलाच."

"नाही. फक्त जुना डिंक खरवडला."

"पक्कं?"

"पक्कं."

मॅडम म्हणाल्या, "राहू द्या की चाचा. मला कळलं ना आता."

"हां, राहू दे," चाचा माझ्याकडं बघून म्हणाले, आणि आवाज गोड नव्हता. "गिऱ्हाईक खुश होऊन निघालं होतं. आता उसवलं तर भोकंच भोकं दिसणार. काय गरज होती?"

मला वाटलं, झालं. आता हात जोडून घरी पाठवतील. मी म्हटलं, "मी उसवते. पट्ट्या लावते. आठ दिवस द्या." त्यांनी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. उठून खळीच्या डब्याचं झाकण लावलं.

उसवायला दोन दिवस लागले. मग प्रत्येक पानाच्या आतल्या कडेला पातळ कागदाची पट्टी चिकटवायची आणि शिवण पानाऐवजी पट्टीतून घ्यायची, म्हणजे पुस्तक सपाट उघडतं. मी आधी पट्ट्या जाड घेतल्या, तर सगळं पुस्तक पाठीकडं फुगलं. पुन्हा काढल्या. शेजारून जाताना चाचा एकदा थांबले, एक पट्टी चिमटीत धरून म्हणाले, "ह्याच्या अर्ध्यानं पातळ," आणि पुढं गेले. त्या तीन शब्दांत राग होता की मदत, ते मी दिवसभर तपासत बसले.

पुलाची दोन पानं मी शेवटी घेतली. शेजारी शेजारी ठेवली तेव्हा भाऊ आला. अर्धा ह्या पानावर, अर्धा त्या पानावर. लहान होता, माझ्या अंगठ्याएवढा. बाहीतून एक भोक गेलं होतं, खांद्याजवळून एक. मी ती भोकं मागून तलम कागदानं बुजवली. तरी उजेडाला धरलं की दिसायची.

मॅडम आल्या तेव्हा मी स्वतःच ते पान उघडून समोर ठेवलं आणि भोकं दाखवली. त्यांनी भोकांकडं बघितलंच नाही.

"ह्यानं वळून बघितलं न्हाई की," त्या म्हणाल्या.

खरंच. मोबाइलवर तो वळतो, हसतो. पुस्तकात पाठमोरा. मान सरळ, पाऊल पुढं, खांद्यावरचं कापड मागं उडतंय. बहिणीकडं तोंडच नाही. मी इतक्या जवळून त्याची भोकं बुजवली आणि माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

मॅडम स्टुलावर बसल्या. "तिकडं मला ह्याच्यासाठी रडू आलं. हितं राग यायलाय. मग खरं कुठलं धरायचं, चाचा?"

"किताब पहले आली ना? मंग किताब."

"पण बघितलेलं कसं पुसू?"

चाचांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. मॅडम उठल्या. मग पुस्तक पिशवीत न घालता हातातच धरून मेडिकलकडं गेल्या, वाचत वाचत. रस्ता ओलांडताना एक रिक्षावाला त्यांच्यावर ओरडला.

दुसऱ्या दिवशी एक क्लार्क फाटकी दप्तरं घेऊन आला. चाचांनी मान वर न करता माझ्याकडं बोट केलं. "उनके पास दो. आधी उघडून बघतील त्या, मग बोट ठेवतील." त्यानंतर बाहेरची कामं माझ्याकडंच आहेत. मॅडमही अधूनमधून सुटलेली पुस्तकं आणतात, आणि आता न चुकता थांबून पानं मोजून देतात.

तरी मला राहवलं नाही. पुढं कितीतरी दिवसांनी एकदा पुठ्ठे कापता कापता मी विचारलं, "चाचा, पान खरंच हरवलं असतं तर मला काढलं असतं ना?"

"हौ," ते म्हणाले. लगेच. जराही न थांबता.

"आणि त्या दिवशी मी भावाचं बोललेच नसते तर?"

"तर मला कुठून कळलं असतं?"

एवढं बोलून ते खळ ढवळायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. पुलाच्या त्या दुपारी पुस्तक आमच्या दोघांच्या मध्ये होतं, आणि ते काळं टोक त्यांच्या बाजूच्या पानावर, अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.